जुन्या शिलाई मशीनचं वय काढायला बसण्याआधी

आधी अक्षर, बाकी सगळं नंतर. आजीच्या सिंगरवरचा नंबर उतरवून घेताना मी सातही आकडे नीट लिहिले आणि त्यांच्या पुढचं 'वाय' सोडून दिलं. मला ती नक्षीच वाटली. पन्नास लाखांच्या पुढचा तो नुसता आकडा सिंगरच्या नंबरांच्या आणि सालांच्या यादीत 1880 च्या दशकात सापडला, आणि मी सगळ्या नातेवाइकांत दवंडी पिटली. 'वाय' लावल्यावर तेच मशीन 1920 च्या दशकात, स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या कारखान्यात जाऊन बसलं. मग एकेकाला फोन करून मशीनचं वय चाळीस वर्षांनी उतरवावं लागलं.

जवळ टॉर्च, मऊ फडकं, मशीनचं तेल, खडू, मोजपट्टी. कागद-पेन्सिल सांगायला नको. स्पिरिट किंवा थिनर मात्र त्या खोलीतही आणू नका. नक्षीवरचा लाखेचा थर स्पिरिटने विरघळतो आणि सोनेरी वेलबुट्टी फडक्यावर उतरते. मशीन ओळखायला ती नक्षीही लागते, शिवाय गेली की गेलीच. मळ तेलाने पुसा, हळू.

आता नंबर. सिंगरवर तो सहसा मशीनच्या बैठकीवर उजवीकडे, चाकाजवळच्या खांबाच्या पायथ्याशी असतो आणि धातूत ठोकलेला, म्हणजे खोल असतो. मशीन उलटं केलं की खाली उठावाचे आकडे दिसतात, ते सुट्या भागांचे. 'सिमँको' (सिंगर मॅन्युफॅक्चरिंग कंपनीचं लघुरूप) या शिक्क्याशेजारचा आकडाही भागाचाच. लोखंडी पायांवर काही कोरलेलं असलं तर तेही सोडा. अक्षर बहुतेक वेळा रंगाने बुजलेलं असतं, म्हणून टॉर्च आडवा धरा, वरून खडू घासा आणि बोटाने पुसा. अक्षर दिसलं? लिहिलंत? एक आहे की दोन, तेही बघा.

इतकं डोकं का खायचं, तर सिंगरने साधारण 1900 पर्यंत नुसते आकडे दिले आणि त्यानंतर अक्षर लावून मोजणी पुन्हा सुरू केली. त्यामुळे तोच आकडा अनेक मशीनांवर सापडतो. 'जी' असेल तर अमेरिकेतल्या एलिझाबेथ शहराचा कारखाना, 'एफ' किंवा 'वाय' असेल तर क्लाइडबँक. आणि यादीतली तारीख ही नंबरांचा गठ्ठा कारखान्याला दिल्याची असते, मशीन बाहेर पडल्याची नव्हे. तेव्हा 'च्या सुमारास' असंच म्हणा.

बॉबिन झाकणाऱ्या सरकत्या धातूच्या पट्टीवर पेटंटच्या तारखांची रांग दिसली की लोक हमखास फसतात. त्या पेटंट मिळाल्याच्या तारखा. शेवटची तारीख एवढंच सांगते की पट्टी त्याच्या आधीची नाही, आणि पट्टी बदललेलीही असू शकते. तसंच निळ्या कडेच्या बिल्ल्यावर 1851–1951 दिसलं तर 1851 चं मशीन मिळालं म्हणून नाचू नका. तो कंपनीच्या शताब्दीचा बिल्ला आहे.

मॉडेल ओळखायला पट्टी सरकवून आत बघा. बंदुकीच्या गोळीसारखं लांबट शटल (खालचा दोरा नेणारा भाग) असेल तर 27, 28, 127 किंवा 128. गोल बॉबिन वरून आडवी बसत असेल तर 66 किंवा 99. डाव्या टोकाला उभी बसत असेल तर 15 च्या घराण्यातलं. 28 हा 27 चा धाकटा भाऊ, 99 हा 66 चा, म्हणून बैठकीची लांबी मोजा. मॉडेलच्या आकड्यामागचा 'के' म्हणजे किलबोवी, क्लाइडबँकचाच कारखाना. या 'के'ला नंबरातलं अक्षर समजू नका. ते वेगळं, आणि ते तुम्ही लिहिलंय ना?

सिंगर नसेल तर या याद्या बंद करा, प्रत्येक कंपनीची मोजणी निराळी. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये सिंगर 15 च्या नकला असंख्य नावांनी निघाल्या, तिथे नावावर जाऊ नका. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' (परक्या ताब्यातल्या जपानमध्ये बनवलेलं) असं लिहिलेलं असेल तर 1952 नंतरचं नाही.

मोटर, दिवा, पेटी, टेबल यांवरून वय ठरवू नका, हे सगळं बदललेलं असतं. फोटो समोरून, डाव्या टोकाने, पट्टी उघडून आणि नंबरचा. नंबरच्या फोटोत अक्षर कापलं गेलं नाही ना, ते मशीन जागेवर ठेवण्याआधी मोठं करून बघा.