गुडघे कुरकुरतायत? मग व्यायाम सोडू नका, बदला

माझा आधीचा प्लॅन म्हणजे ३० स्क्वॉट्स (उठाबशांसारखं खाली बसून उठणं), लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवत खाली जाणं) आणि वर जंपिंग जॅकच्या उड्या, आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरायची वेळ. मग सगळंच बंद केलं तर गुडघे अजून आखडले, कारण मांडीचे स्नायू ढिले पडले की भार सांध्यावर येतो ना.

आता स्क्वॉटच्या जागी खुर्ची. साधी खुर्ची भिंतीला टेकवा, वर जाड उशी ठेवा म्हणजे कमी वाकावं लागतं, हात न टेकता ८-१० वेळा उठा-बसा, पण बसताना धपकन नको, मनात तीन मोजत हळूहळू. जमायला लागलं की उशी काढा. उड्यांऐवजी जागच्या जागी चाला. लंजेस सध्या विसरा. पाय लांब करून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती ५ सेकंद दाबायची, असं १० वेळा, माझं तर हे सिरीयल बघतानाच होतं.

दुखणं १० पैकी ३ पर्यंत असेल आणि सकाळपर्यंत उतरत असेल तर चालू ठेवा, नाहीतर जितक्या वेळा करता त्याच्या निम्म्या वेळाच करा. गुडघा सुजला, गरम लागला किंवा मध्येच अडकायला लागला तर मात्र यूट्यूब बंद करून सरळ डॉक्टर गाठा.