पेट स्कॅनला निघण्याआधी आणि रिपोर्ट हातात आल्यावर

आपल्याकडं तोंडाच्या कॅन्सरचे पेशंट लई, बीड-हिंगोलीकडून माणसं पेट-सीटीला (कॅन्सर अंगात कुठं कुठं पसरलाय ते दाखवणारा स्कॅन) संभाजीनगरला नाहीतर थेट मुंबईला जायलेत, पण तयारी कशी करायची ते नीट कुणी सांगत नाही, म्हणून लिहायलोय.

इंजेक्शनमधून साखरेसारखं, थोडी किरणं सोडणारं एफडीजी नावाचं औषध देतात. कॅन्सरच्या पेशी साखर जास्त ओढतात, म्हणून त्या जागा फोटोत चमकतात. तेव्हा साधारण ६ तास आधीपासून पोट रिकामं, नुसतं पाणी चालतं, स्टँडवरचा चहा पण नको. शुगरचा पेशंट असला तर गोळ्या-इन्सुलिनचं आदल्या दिवशीच सेंटरला विचारा, शुगर २०० च्या वर गेली की बरेच जण तारीख पुढं ढकलतात. आणि वेळेत पोचा, ते औषध दर ११० मिनिटाला निम्मं होतं, कुणासाठी थांबत नाही.

इंजेक्शननंतर तासभर गप पडून राहायचं, बोलायचं सुद्धा नाही. सुपारी, पुडी, काहीच चघळू नका (कॅन्सर होऊनही पुडी सुटत नाही, काय बोलावं!) कारण चघळलं की जबड्याचे स्नायू औषध ओढतात आणि नेमकं जिथं बघायचं तिथंच गोंधळ होतो. पेशंटच्या अंगातून किरणं निघत असतात, म्हणून त्या दिवशी त्याला लेकरं आणि गरोदर बायांपासून जरा लांब बसवा.

आता रिपोर्ट. त्यात एसयूव्ही म्हणून आकडा असतो, किती औषध ओढलं त्याचा. आकडा मोठा दिसला की घरात रडारड सुरू होते, पण टीबीची गाठ, इन्फेक्शन, ताजं ऑपरेशन हे पण चमकतं, आणि टीबी आपल्याकडं काय कमी आहे का? म्हणून फुप्फुसात एखादा डाग निघाला तर "ह्याची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करायची का" असं डॉक्टरला विचाराच, कारण आजार मानेपर्यंतच असेल तर सहसा ऑपरेशन होतं आणि फुप्फुसात गेला असेल तर बहुतेक वेळा औषधांवरच भर राहतो, म्हणजे सगळा प्लॅनच फिरतो.

उलटं पण असतंय. मानेत काही दिसलं नाही तरी डॉक्टर मानेच्या गाठी (लसिका ग्रंथी, त्या सगळ्यांच्याच मानेत असतात) काढू म्हणतात, तेव्हा "उगं कापायलेत" म्हणू नका. एकदम बारीक फैलाव कुठल्याच स्कॅनला दिसत नाही. म्हणून जिभेची जखम किती मिलिमीटर खोल गेलीय ते एमआरआयवर मोजतात, जितकी खोल तितकी मानेत उतरायची शक्यता जास्त. टाटा हॉस्पिटलचा २०१५ चा अभ्यास आहे, सुरुवातीच्या स्टेजला आधीच मानेच्या गाठी काढलेल्यांत ३ वर्षांनी ८० टक्के जिवंत होते, मानेत कॅन्सरची गाठ दिसल्यावर काढलेल्यांत ६७.५ टक्के.

रेडिएशन संपल्यावर लगेच पेट करायची घाई नको, तिथली सूजच चमकते, साधारण १२ आठवडे थांबवतात. आणि दरवेळी जुनी सीडी सोबत न्या, नुसता कागद नाही, डॉक्टरला जुना आणि नवा फोटो शेजारी लावून बघायचा असतो.