टाइल्स न फोडता बाथरूम उजळवायचं, तर आधी सांधे बघा

बाथरूम जुनाट दिसतं ते बहुतेक वेळा टाइल्समुळे नाही, त्यांच्यामधल्या काळवंडलेल्या सांध्यांमुळे. ते घासायला अ‍ॅसिड ओतू नका. सिमेंटचं ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरलेला माल, त्यानं झिजतं, नळांचं क्रोमही जातं.

ग्राउट रेकने (सांधे खरवडायच्या हत्याराने) जुना माल निदान 2–3 मिमी खोल खरवडून काढा. वरवर खरवडलं तर नवा थर पापुद्र्यासारखा सुटतो. धूळ झाडून सांधे पूर्ण सुकू द्या. ओल राहिली तर त्यात भरायचं नवं इपॉक्सी ग्राउट (सिमेंटऐवजी रेझिनचं) नीट धरत नाही.

इपॉक्सी ग्राउटचं रेझिन, हार्डनर आणि फिलर पाकिटावरच्या प्रमाणातच मिसळा. थोडं थोडंच कालवा, कारण साधारण अर्ध्या-पाऊण तासात ते आवळतं. रबरी पट्टीनं तिरकं दाबून भरा आणि टाइलवरचा चिकटा लगेच ओल्या स्पंजने पुसा. वाळल्यावर तो निघता निघत नाही, सगळ्यात जास्त कामं इथंच बिघडतात. मग 24 तास पाणी नको.

बेसिनची कड आणि भिंत-फरशीचा कोपरा इथं मात्र ग्राउटला भेगा पडतात. तिथं बुरशीरोधक सिलिकॉनच लावा. ग्राउटचा रंग फिकट राखाडी घ्या, पांढऱ्यावर बोअरच्या पाण्याचे डाग लगेच दिसतात.