पर्शियन मांजराचे केस: विंचरायचे कसे, कापायचे किती

पाठीवरून हात फिरवला तर सगळं मऊ लागतं आणि बगलेत बोटं घातली की सुपारीएवढी घट्ट गाठ हाताला लागते. ‘रोज ब्रश करतो, तरी जटा होतात’ ही तक्रार त्यातूनच येते. होणारच. ब्रश वरवर फिरतो आणि गुंता मुळाशी असतो.

पर्शियनच्या अंगावर केसांचे दोन थर असतात. वरचे लांब केस साधारण १० ते १२ सेंमी भरतात, गळ्याभोवतीची आयाळ त्याहून लांब. त्यांच्याखाली दाट, लोकरीसारखी लव. ही लव गळते तेव्हा खाली पडत नाही, लांब केसांतच अडकते आणि हालचालीने घासून तिचा नमदा होतो. म्हणून जटा आधी बगलेत, जांघेत, कानांमागे, पोटावर आणि पट्ट्याखाली धरतात. नसबंदीनंतर लव आणखी दाट, कापसासारखी होऊ शकते, तेव्हा विंचरणं वाढवावं लागतं. लांबी मुळात आईबापांकडून येते; चांगल्या खाण्याने चमक आणि दाटपणा टिकतो, पण त्याने केस वाढवता येत नाहीत. पूर्ण कोट, म्हणजे अंगभरचे केस, यायला दीड-दोन वर्षं लागतात, तेव्हा सहा महिन्यांच्या पिल्लाचे केस आखूड दिसले तर घाबरू नका.

हत्यार एकच महत्त्वाचं: धातूचा कंगवा, अर्धे दात विरळ आणि अर्धे बारीक, टोकं गोल, दातांची लांबी किमान अडीच सेंमी. दात आखूड असतील तर ते त्वचेपर्यंत पोचतच नाहीत. स्लिकर ब्रश (बारीक, वाकड्या तारांचा) मागच्या मांड्यांवर चालेल, शेपटीवर नको. तिथले केस तुटले तर भरून यायला फार वेळ लागतो. गळती कमी करणारी पात्याची अवजारं वरचे लांब केसही कापतात, ती बाजूलाच ठेवा.

रोज १० ते १५ मिनिटं द्या. मांजर झोपेतून उठून सुस्तावलेलं असेल ती वेळ बरी. अगदी कोरड्या केसांत स्थिर वीज होते आणि केस तुटतात, म्हणून आधी पाण्याचा हलका फवारा मारा. मग एका हाताने केस वर उचलून धरा, खाली त्वचेची रेघ दिसली पाहिजे. त्या रेघेवरची एक पातळ बट सोडा, आधी टोकं मोकळी करा, मग मुळापासून कंगवा ओढा. पुढची बट सोडा. पायाकडून पाठीकडे असं चढत जायचं. बगलेसाठी पुढचा पाय पुढे उचला, बाजूला ताणू नका. बाजूला ताणलेला पाय दुखतो आणि मांजर चावायला धावतं. पोटासाठी त्याची पाठ आपल्या छातीला टेकवून अर्धवट बसवा. शेवटी बारीक दात त्वचेपासून टोकापर्यंत कुठेही न अडकता गेले, की झालं. यात तडजोड नाही.

जट सापडली तर तिच्यावर कॉर्नफ्लॉवर भुरभुरा, जट आणि त्वचा यांमधले केस बोटांत घट्ट धरा म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि कंगव्याच्या कडेच्या एकाच दाताने बाहेरच्या टोकाकडून सोडवत या. कात्री लावू नका. मांजराची त्वचा पातळ आणि सैल असते, जटेबरोबर ती वर ओढली जाते आणि जटेऐवजी कातडी कापली जाते; टाके घालायची वेळ तिथेच येते. सुटतच नसेल तर क्लिपरला (केस कापायच्या यंत्राला) १० नंबरचं पातं लावा आणि ते त्वचेला समांतर ठेवून जटेखालून सरकवा. पातं तापतं, दर दोन-तीन मिनिटांनी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा. अंगभर जटांचा सलग पत्रा धरला असेल तर ते काम पशुवैद्याचं, गुंगीचं औषध देऊन करायचं.

अंघोळ चार ते सहा आठवड्यांनी पुरते, पण आधी नखं कापा आणि पूर्ण विंचरा. ओली झालेली जट आवळून बसते. पाणी ३७-३८ अंश. कानांमागे आणि शेपटीच्या मुळाशी तेलकटपणा साचतो, तिथे शाम्पू दोनदा लावा. शाम्पू मांजरांसाठीचाच हवा. टी ट्री तेल किंवा कुत्र्यांसाठीचं परमेथ्रिन (कीटकनाशक) असलेलं काहीही मांजराला विषारी ठरतं. पाणी स्वच्छ यायला लागल्यावरही एकदा धुवा, कारण उरलेला शाम्पू केस चिकट करतो. टॉवेलने चोळू नका, दाबून टिपा. मग ड्रायर कोमट आणि मंद ठेवून, विंचरत विंचरत मुळापर्यंत वाळवा. लव ओली राहिली तर जटा आणि त्वचेचे त्रास दोन्ही मागे लागतात. डोळ्यांचे कोपरे कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने रोज पुसा, दोन डोळ्यांना दोन कापूस.

एवढं जमणार नसेल तर केस आखूड ठेवणं हाच प्रामाणिक उपाय. शेपटीखालचे आणि मांड्यांच्या आतले केस दीड-दोन सेंमीवर आणले की विष्ठा चिकटत नाही, बाकी कोट तसाच ठेवता येतो. सगळं अंग ३-४ सेंमीवर आणलं तर आठवड्यातून दोन-तीनदा विंचरणं पुरेल. विंचरणं शून्यावर मात्र येत नाही. १० नंबरच्या पात्याने केलेला ‘लायन कट’ (आयाळ ठेवून बाकी अंग सिंहासारखं भादरणं) अंगावर जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतो. तो भरून यायला चार ते सहा महिने लागतात, आयाळीला त्याहून जास्त. तोवर मांजराला उन्हापासून आणि गारठ्यापासून जपा. मिशा कधीच कापू नका.

नियमित विंचरूनही कमरेजवळ अचानक जटा धरू लागल्या, तर वजन, सांधे किंवा दात तपासून घ्या. दुखलं की मांजर तिथपर्यंत चाटायला वळत नाही. गोल टक्कल पडून खपली दिसली तर गजकर्णाची शंका घ्या, कंगवा वेगळा ठेवा आणि पशुवैद्याने पाहीपर्यंत क्लिपर लावू नका.