फौजेतून सुटून ट्रकवर चढताय? या चुका टाळा

लडाखच्या वाटेवरच्या झोजिला खिंडीतून स्टॅलियन (फौजेचा ट्रक) काढलेल्या माणसाला खंबाटकीचं काय भय? या तोऱ्यात मी पेन्शनवर आल्यावर चौथ्याच महिन्यात दहाचाकी घेतली आणि दीड वर्षात घाट्यात विकली. गाडी चालवण्यात कुठं कमी पडलो नाही. फौजेत माझ्यामागं एमटीओ (गाड्यांचा अधिकारी) होता, डिझेलचा हिशेब ठेवणारा होता, वर्कशॉपला ईएमईवाले (फौजेचे मेकॅनिक) होते. मी फक्त स्टेअरिंग धरत होतो. बाहेर ही सगळी माणसं आपणच असतो. सातारा-सांगलीकडची पोरं सुटून आली की ट्रक घेऊ का, काय सांभाळू, हे विचारायला फोन करतात, म्हणून लिहितोय.

सगळा पैसा गाडीत घालणं

ही सगळ्यात महागडी चूक. ग्रॅच्युइटी, कम्युटेशन (पेन्शनचा एकरकमी घेतलेला भाग), एजीआय (फौजेचा गटविमा) असं सगळं एकदम खात्यावर येतं आणि महिन्याभरात फायनान्सवाला ओसरीवर चहा पीत बसलेला असतो. डाउन पेमेंट भरलं की गाडी दारात, हार, नारळ, पेढे.

आता हिशेब बघा. पुणे ते बंगळूर सुमारे 840 किलोमीटर. भरलेल्या गाडीला लिटरमागं चार किलोमीटर धरले तर 210 लिटर डिझेल. लिटरला 90 रुपये म्हटलं तरी 18,900 रुपये नुसते जाण्याचे. टोल, जेवणखाण, क्लिनरचा पगार वेगळा. जाताना भाडं बरं मिळतं, पण गणित परतीच्या भाड्यावर ठरतं. मी एकदा तीन दिवस तिकडं रिकामा उभा होतो, शेवटी मिळेल त्या भाड्यात कांद्याची गोणी उचलली. हप्ता मात्र पाच तारखेला बरोबर कापला गेला.

म्हणून आधी वर्षभर दुसऱ्याच्या गाडीवर पगारी चालवा. हो, फौजेत हवालदार होतात म्हणून लाज वाटेल. वाटू द्या. कुठल्या मार्गाला परतीचा माल मिळतो, कोणता ब्रोकर पैसे बुडवतो, हे दुसऱ्याच्या डिझेलवर शिकून होतं. नंतर गाडी घेतलीत तरी सहा महिन्यांचे हप्ते आणि टायरचा एक जोड होईल एवढी रक्कम बाजूला ठेवा. जुनी गाडी घेत असाल तर नॅशनल परमिटचं (परराज्यात माल न्यायच्या परवान्याचं) वय आधी मोजा: दोन ॲक्सलच्या म्हणजे सहाचाकी ट्रकला 12 वर्षं, मल्टी ॲक्सलला 15. अकरा वर्षांची सहाचाकी स्वस्तात का मिळतेय, ते मग आपोआप कळतं.

फौजी लायसन्सवर भरवसा

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 18 खाली मिळालेलं लायसन्स फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांसाठी असतं. त्यावर सिव्हिल ट्रक चालवला तर ते विनालायसन्सच धरतात. मात्र ज्या वर्गाचं फौजी लायसन्स आहे, त्या वर्गाची चाचणी कलम 9 प्रमाणे माफ आहे. कागद युनिटमधूनच नीट करून आणा, सुटल्यावर त्यासाठी पळापळ फार होते. इन्फंट्रीत (पायदळात) होतात आणि गाडी कधी चालवलीच नाही, तर आधी हलक्या वाहनाचं लायसन्स एक वर्ष हातात असावं लागतं, मगच ट्रकचं शिकाऊ लायसन्स. ते वर्ष नोकरीत असतानाच सुरू करा. टँकर चालवायचा असेल तर धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षणही लागतं.

घाटात न्यूट्रल

स्टॅलियनवर पाच-सात टन माल घेऊन उतरणं वेगळं आणि मालासकट 28 टनांच्या घरातली दहाचाकी उतरवणं वेगळं. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे इथं पुष्कळ भेटतील. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडं उतरणाऱ्या रस्त्यावर त्यांनी किती अपघात केलेत ते पुणेकरांना विचारा. ज्या गिअरमध्ये चढ चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा.

ब्रेकचा जळका वास आला तर जागा बघून थांबा, गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा, अर्धा तास निवू द्या. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, ड्रम तडकतो.

तोंडी शब्द

आपल्याकडं फौजेत साहेबानं सांगितलं की झालं. ट्रान्सपोर्ट लाइनमध्ये तसं नाही. भाडं, ॲडव्हान्स, हमाली आणि वराई (माल चढवण्या-उतरवण्याची मजुरी) कुणाची, गाडी खोळंबली तर दिवसाचे किती, हे सगळं बिल्टीवर (मालाच्या पावतीवर) किंवा निदान मोबाइलवर लेखी घ्या. माल उतरला की पोच (माल मिळाल्याची पावती) सही-शिक्क्यासह घेतल्याशिवाय गेट सोडू नका. माझी एक बाकी केवळ पोचेवर तारीख नव्हती म्हणून पाच महिने लटकली होती.

"थोडं जास्त भरू, काही होत नाही," असं लोडिंगवाला म्हणेल. ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 दंड आहे, शिवाय जादा माल उतरवायचा खर्च. त्या वेळी तो फोन उचलत नाही. काट्याची पावती स्वतः बघा.

ई-वे बिलाला (मालासोबतच्या जीएसटीच्या कागदाला) 200 किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी वाटेत बिघडली तर मुदत संपायच्या आठ तास आधीपासून संपल्यानंतर आठ तासांपर्यंत ती वाढवता येते. गॅरेजमध्ये पोहोचलात की पहिला फोन ट्रान्सपोर्टरला, मग घरी.

कार डायरी बंद करणं

कार डायरी म्हणजे फौजेत प्रत्येक गाडीची ठेवतात ती नोंदवही. फौजेतून सुटल्याचा आनंद म्हणून हे मीही केलं होतं. दुसरी गाडी घेतली तेव्हा परत सुरू केली. शंभर पानी वही: मीटर, डिझेल, कुठल्या पंपावर, किती लिटर, टायरची हवा, भाड्याची बाकी. गेल्या पावसाळ्यात ॲव्हरेज अचानक पडला. मेकॅनिक इंजिनचा पंप-नोझल उघडा म्हणत होता. वही चाळली तर आकडा दर वेळी हायवेवरच्या एकाच पेट्रोल पंपावर भरल्यावर पडत होता. तिथं भरणं सोडलं, नोझल अजून तेच आहे.