मोटरच्या सायकलीला दिवे लावायच्या आधी

सोयाबीन निघून हरभरा पेरला की आमच्याकडे ओलिताच्या रात्री सुरू होतात. शेतीची लाईट रात्रीची असली, की कितीही थंडी असो, पाणी लावायला पांदणीनं जावंच लागतं. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडच्या आमच्या भागात काही जणांनी साध्या सायकलीला २४ व्होल्टची मोटर बसवून घेतली आहे, मीही घेतली. सायकल छान पळते, पण दिवा नव्हता. मागच्या हिवाळ्यात मागून कापसाची ट्रॉली आली आणि चालवणाऱ्याला मी अगदी जवळ आल्यावर दिसलो. सायकलीसकट नालीत उतरलो म्हणून वाचलो. तेव्हापासून विचारील त्याला सांगतो, की आधी मागचा लाल दिवा लावा, मग पुढचा. रस्त्यातला खड्डा आपल्याला पाठ असतो, पण आपण पुढे आहोत हे मागच्या ट्रॅक्टरवाल्याला अंधारात कोण सांगणार?

सामान आणायच्या आधी वीज कुठून घ्यायची ते ठरवा, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. २४ व्होल्टच्या सायकलीत १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असतात. त्यातल्या एकीवरूनच दिव्याची वायर काढायचा मोह होतो. मीही तसंच केलं होतं. ती बॅटरी रोज थोडी जास्त उतरते, चार्जर मात्र दोघींना मिळून चार्ज करतो, म्हणून ती कधीच पूर्ण भरत नाही आणि जोडीतली तीच आधी मरते. यावर उपाय दोन. घरी फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी असेल तर हिवाळ्यात ती बहुतेक नुसतीच पडून असते. कॅरिअरखाली डब्यात बसवा, सायकलीच्या वायरिंगशी तिचा संबंधच ठेवू नका. दुसरा उपाय म्हणजे व्होल्टेज उतरवणारं छोटं मॉड्यूल, एलएम २५९६ नावाचं. ते ४० व्होल्टपर्यंत घेतं, म्हणून २४ च्या सायकलीला चालतं. ३६ व्होल्टच्या लिथियम बॅटरीला ते लावू नका, ती पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट देते. तिथे जास्त व्होल्टेज सोसणारं मॉड्यूलच लागतं. मॉड्यूलवरचा बारीक स्क्रू फिरवून, मल्टिमीटरनं मोजून आउटपुट १२ वर आणा आणि मगच दिवे जोडा. ज्यांनी पेट्रोलचं इंजिन बसवलं आहे त्यांनी मॅग्नेटोची, म्हणजे इंजिनात ठिणगीसाठी वीज तयार करणाऱ्या भागाची, वायर दिव्याकडे ओढू नये. इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर तिचं व्होल्टेज खालीवर होतं आणि ठिणगीही कमजोर पडते. त्यांच्यासाठी वेगळी बॅटरीच बरी.

आता दिव्यांचं सामान. मागच्या दिव्याला ५ मिलिमीटरचे लाल एलईडी घ्या, आठ पुरतात. लाल एलईडी साधारण २ व्होल्ट घेतो, म्हणून चार-चार एका ओळीत जोडले की ८ व्होल्ट होतात. बारातले उरलेले चार व्होल्ट रेझिस्टरनं, म्हणजे करंट रोखणाऱ्या छोट्या भागानं, खायचे. हिशेब सोपा आहे. उरलेल्या व्होल्टला एलईडीच्या करंटनं, म्हणजे ०.०२ अँपिअरनं भागा, २०० ओहम येतात. पण ताज्या भरलेल्या बॅटरीचं व्होल्टेज १२ च्या थोडं वर असतं, म्हणून मी २७० ओहमचा लावतो. त्याच्यावर लाल, जांभळा, तपकिरी असे पट्टे असतात. दोन ओळींना दोन वेगळे रेझिस्टर. एकच लावून दोन्ही ओळी भागवायच्या नाहीत. लांब पाय प्लसचा, हे जोडताना प्रत्येक वेळी बघा.

हा हिशेब नको वाटत असेल तर १२ व्होल्टची लाल पट्टी आणा. ती तीन-तीन एलईडीवर खुणेजवळ कापता येते आणि रेझिस्टर तिच्यातच असतात. कामाला ती वाईट नाही, पण उघडी पट्टी आपल्या धुळीत आणि पावसात टिकत नाही. सिलिकॉनचं आवरण असलेलीच घ्या.

पुढच्या दिव्याला १ वॅटचे पांढरे एलईडी तीन, एका ओळीत. प्रत्येकी साधारण ३.२ व्होल्ट, म्हणून १० ओहम ५ वॅटचा एक पांढरा सिमेंटचा रेझिस्टर पुरतो. हे एलईडी तापतात. ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर थर्मल पेस्ट (उष्णता पत्र्यात नेणारा लेप) लावून बसवले नाहीत तर थोड्याच दिवसांत मंद होतात. जुन्या टॉर्चच्या वाट्याही शोधून ठेवा, प्रत्येक एलईडीला एक. वाटीशिवाय उजेड चारी बाजूंना पसरतो, झाडं उजळतात आणि रस्ता काळाच राहतो.

वायर लाल-काळी, नरम तारांची घ्या, कडक एका तारेची नको. पांदणीच्या हादऱ्यांनी कडक तार सोल्डरच्या जागी तुटते. मला सगळ्यात जास्त त्रास इथेच झाला. प्रत्येक जोडावर स्लीव्ह, म्हणजे प्लॅस्टिकची बारीक नळी, चढवा आणि जोडाच्या दोन्ही बाजूंना केबल टाय मारा, म्हणजे ताण जोडावर येत नाही. हँडलजवळ वायर थोडी सैल सोडा, नाहीतर वळताना ओढली जाईल. बॅटरीच्या प्लसला, वीतभर अंतराच्या आत, १ अँपिअरचा फ्यूज हवाच. वायर दांडीला घासून सोलली तर फ्यूजशिवाय ती तापून जळते, आणि डब्यात बॅटरी आपल्या बुडाखालीच असते. स्विच हँडलवर अंगठ्याला लागेल असा लावा. हे सामान तालुक्याच्या टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात नाही मिळालं तर नागपूरला जाणाऱ्या कुणाला सांगा, सीताबर्डीत सगळं मिळतं.

दिवे चिकटवायला ग्लू गन वापरू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, उन्हात उभ्या सायकलीचा पत्रा त्याहून तापतो आणि ग्लू सुटतो. एम-सील किंवा सिलिकॉन लावा. दिव्याच्या डब्याला खालून एक बारीक भोक ठेवा, आत गेलेलं पाणी निघून जातं.

शेवटी रेडियम, म्हणजे गाडीचा उजेड पडला की चमकणारी चिकटपट्टी. मागच्या मडगार्डवर लाल आणि चाकाच्या तारांवर पांढरी पट्टी चिकटवा. बॅटरी उतरली तरी तेवढं तरी दिसतं. आपल्याकडच्या बैलबंड्यांनाही मागे दिवा नसतो, रेडियम उरलं तर शेजाऱ्याच्या बंडीला लावून द्या.

अंधार पडला की सायकल भिंतीपासून ५ मीटरवर उभी करा. उजेडाची वरची कड दिव्याच्या उंचीच्या खाली पडली पाहिजे, नाहीतर समोरून येणारा दिपतो. मग कॅरिअरवर रोजच्यासारखा चाऱ्याचा भारा बांधा, घरच्या कुणाला तरी सायकल चालवत पुढे जायला सांगा आणि तुम्ही मागे रस्त्यात उभे राहून बघा. माझा पहिला दिवा सीटखाली होता, भाऱ्याआड पूर्ण झाकला गेला. आता तो मडगार्डच्या टोकाला, खाली आहे.