कवळीचा चावा तपासताना या चुका टाळा

फोंड्यातल्या माझ्या दवाखान्यात मागच्या पावसाळ्यात डिचोलीहून एक आजी आल्या. नवी कवळी रुमालात बांधून आणलेली. "बाय, बोलताना बरी असते. पण पोई चावली की खालची उजवीकडून उचलते." (पोई म्हणजे गोव्यातला पाव.)

दात जिथे टेकतात तिथे रंग उमटवणारा निळा कागद धरून चावायला लावलं. दोन्हीकडे सारखे ठिपके! अशा वेळी सगळं ठीक आहे असं मानणं, ही सर्वांत मोठी चूक. कवळी मऊ हिरडीवर टेकलेली असते. एका बाजूची दाढ आधी लागली, तरी कवळी किंचित सरकते किंवा दबते, दुसरी बाजू येऊन भिडते आणि खुणा सगळीकडे उमटतात. म्हणून चाव्याची, म्हणजे दोन्ही जबडे कसे मिटतात याची, नवी नोंद घेऊन दोन्ही कवळ्या आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्याची हालचाल दाखवणाऱ्या यंत्रावर, चढवल्या. तिथे कवळ्यांना सरकायला जागाच नाही. डावीकडची शेवटची दाढ बाकीच्यांच्या आधी टेकत होती, हे लगेच दिसलं.

कागद एकाच बाजूला धरू नका, जबडा तिकडे वळतो. दात आधी पुसून कोरडे करा. 200 मायक्रॉनचा जाड कागद नसलेला स्पर्शही रंगवतो. 40 किंवा त्याहून पातळ घ्या. आणि मोठा, गडद डाग म्हणजे जास्त दाब, हा समज सोडा. मध्ये फिकट आणि भोवती रंगाचं कडं, अशी खूण शोधा. जोर तिथे असतो.

दोन कवळ्यांच्या खुणांची तुलना करण्याआधी दातांची मांडणी कोणती, ते पाहा. लिंग्वलाइज्ड मांडणीत वरच्या दाढांचे फक्त टाळूकडचे उंचवटे खालच्या खाचांत टेकतात. गालाकडे रंग नाही म्हणून घासत बसलात, तर चांगली कवळी बिघडवाल. सपाट दातांच्या मोनोप्लेन कवळीत जबडा पुढे नेला की मागे फट पडते, ती तशीच पडायची. मात्र बॅलन्स्ड मांडणीत, म्हणजे जबडा हलला तरी दोन्हीकडचे दात टेकलेले राहतात अशा मांडणीत, तीच फट दिसली, तर दोष समजा.

घासताना उंचवट्यावर बर (घासायचं फिरतं टोक) आधी फिरवू नका. तोच उंचवटा बाजूच्या हालचालीतही उंच लागतो का पाहा. लागत नसेल, तर तो ज्या दातावर टेकतो त्याची खाच खोल करा. आजींचं काम एवढ्यावरच झालं. मात्र नोंद घेण्याच्या आदल्या रात्री मी त्यांना कवळी काढून ठेवायला लावली होती. दबलेली हिरडी सावरू दिली नाही, तर नोंदही चुकते आणि आर्टिक्युलेटरही फसवतो.